मुद्देमालातली वाचा

“मारुती, ही मेथी आहे का गवत? कालचीच जुडी पाणी मारून परत आण—”

एवढ्यावर उज्ज्वलाचं बोलणं तुटलं. खिडकीखाली हातगाडी लावून उभा असलेला मारुती मान वर करून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. आत विलासराव गुरव चहा गाळत होते. बायकोनं भाजीवाल्याला अर्ध्यावर सोडलं असं पस्तीस वर्षांच्या संसारात कधी झालं नव्हतं. गाळणं तसंच टाकून ते बाहेर आले.

खिडकीलगतच्या पलंगाशेजारी स्टुलावर उज्ज्वलाच्या वतीनं बोलणारी पेटी होती. तिचा हिरवा दिवा लागलेला होता. पडद्यावर मात्र एकच ओळ होती : ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही.’ उज्ज्वलाचे डोळे त्या ओळीवरून विलासरावांकडे आले आणि तिथेच थांबले.

“रेंज गेली असेल,” ते म्हणाले. “येईल तासाभरात.”

उज्ज्वला तीस वर्षं कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांत आरोग्यसेविका होती. स्कूटीवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या, लसी टोचायच्या, अडलेल्या बाळंतिणी सोडवायच्या, आणि हे सगळं करताना अखंड बोलायचं. निवृत्तीनंतर वर्षभरातच तिची जीभ जड व्हायला लागली. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशीच मरत जातात, असा तो आजार होता. हात गेले, पाय गेले, शेवटी वाचा बसली. पुढे काय होणार हे डॉक्टरांच्या आधी तिनंच नवऱ्याला आणि मुलीला समजावून सांगितलं होतं.

पण हुकूम पोचत नसले तरी मेंदू ते देतच असतो. ‘प’ म्हणायचं मनात आलं की ओठ मिटण्याचा हुकूम निघतो. ओठ हलोत न हलोत. निनादिका नावाच्या कंपनीनं नेमकं हेच हेरलं होतं. केसाहून बारीक सुयांची नखाएवढी चकती मेंदूच्या त्या भागावर बसवायची. सुया हुकूम टिपणार, पेटी ते कंपनीच्या संगणकाकडे पाठवणार, आणि तिथला एक प्रोग्राम त्यांचे शब्द करून परत पाठवणार. त्या प्रोग्रामला सगळे दुभाष्या म्हणत. प्रत्येक रुग्णाचा दुभाष्या वेगळा. उज्ज्वलाच्या दुभाष्याला तिच्या जुन्या व्हिडिओंवरून तिचाच आवाज दिला होता, कोल्हापुरी हेलासकट.

यात दोन अडचणी होत्या. पहिली अशी की मेंदू एका जागी थांबत नाही. काल ‘प’ला जी पेशी पेटली ती आज गप्प बसते, शेजारची पेटते, सुयाही तसूभर सरकतात. त्यामुळे दुभाष्याला रोज थोडं नव्यानं शिकावं लागे. उज्ज्वला बोलत राही, तो शिकत राही. आठवड्याचा खंड पडला तर तो अडखळायचा. वर्षाचा खंड पडला तर काय होईल, हे कुणी करून पाहिलं नव्हतं.

दुसरी अडचण अशी की आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हाही तेच हुकूम निघतात, फक्त क्षीण. म्हणजे मनातलं सगळंच पेटीतून बाहेर पडायचं. त्यावर उपाय म्हणून कंपनीनं एक दार ठेवलं होतं. रुग्णानं स्वतःचा एक शब्द निवडायचा. तो मनात म्हटला की दार उघडायचं आणि पडद्यावर पिवळा ठिपका लागायचा. पुन्हा म्हटला की मिटायचं. उज्ज्वलानं आपला शब्द कुणाला सांगितला नव्हता. विलासरावांनी एकदा चेष्टेत विचारलं, तर पेटीतून उत्तर आलं, “तुमचं नाव नाही, एवढं सांगते.”

तासाभरात रेंज आली नाही. संध्याकाळी मुलगी केतकी दवाखान्यातून आली ती फोनवर बातमी घेऊनच. ती कोल्हापुरातच दाताच्या डॉक्टरांकडे नोकरीला होती. निनादिकाच्या एका जुन्या कर्मचाऱ्यानं तक्रार केली होती : दार मिटलेलं असतानाही कंपनी रुग्णांच्या मनातलं सगळं नोंदवून ठेवते आणि नवी यंत्रं शिकवायला वापरते. पोलिसांनी पुण्यात छापा घालून कंपनीचे सगळे सर्व्हर जप्त केले होते. एकशे बेचाळीस रुग्णांचे दुभाषे त्यांत होते.

“म्हणजे आईच्या भल्यासाठीच केलंय हे,” केतकी म्हणाली, आणि तिला रडू आलं.

विलासरावांनी एकतीस वर्षं कोर्टात बेलिफाची नोकरी केली होती. समन्स बजावायची, जप्तीला जायचं. मुद्देमाल म्हणजे काय, पंचनामा म्हणजे काय, त्यांना कुणी शिकवायला नको होतं. “जप्त झालं म्हणजे हरवलं नव्हे,” त्यांनी उज्ज्वलाला सांगितलं. “सीलबंद आहे. आपण अर्ज करू, प्रत मागू. कोर्टात उशीर होतो, पण ऐकून घेतात.”

उज्ज्वलानं डोळे वर केले. तिचं ‘हो’ म्हणजे वर, ‘नाही’ म्हणजे खाली. तेवढं अजून शिल्लक होतं. केतकीनं बाराखडीचा तक्ता करून आणला. ती एकेका अक्षरावर बोट ठेवी, उज्ज्वला डोळे वर करी. एक वाक्य जमायला वीस मिनिटं लागत. पहिलं वाक्य जमलं ते असं : ‘मारुतीला मेथीचे पैसे द्या.’

पुण्यात वकील मिळाल्या त्या शबाना मुजावर. मूळच्या कागलच्या, म्हणून विलासरावांना जरा आधार वाटला. त्यांनी पहिल्याच भेटीत अडचण सांगितली.

“काका, जप्त केलेल्या डेटाचा हॅश काढतात. म्हणजे अख्ख्या डेटाची मिळून एक संख्या. त्यातला एक काना बदलला तरी संख्या बदलते. ती बदलली की पुरावा बाद. म्हणून मूळ डेटाला कुणी हात लावायचा नाही.”

“मूळ कोण मागतंय? नक्कल द्या.”

“नक्कल देता येते. पण कंपनीनं दुभाष्या आणि नोंदी एकाच कुलूपबंद फाइलीत ठेवल्यात. तो शिकला त्या नोंदींवरच. दोन्ही वेगळे करून फक्त दुभाष्या द्या म्हटलं, तर बचाव पक्ष म्हणणार, वेगळं करताना काय काढलं, काय घातलं, आम्हाला काय माहीत?”

चार तारखा यातच गेल्या. विलासराव प्रत्येक तारखेला पहाटेची गाडी पकडून पुण्याला जात आणि मागच्या बाकावर बसत. जुलैत न्यायाधीशांनी आदेश दिला. आदेश वाईट नव्हता. विलासरावांनाही तो रास्तच वाटला. ज्या रुग्णाला हवी असेल त्यानं आपल्या संपूर्ण फाइलीची प्रत घ्यावी. मात्र तीच प्रत आरोपींनाही मिळेल, कारण ज्या पुराव्यावर त्यांना शिक्षा होऊ शकते तो पाहण्याचा त्यांना हक्क आहे. रुग्णाची लेखी संमती हवी. संमती नसेल तर खटला संपेपर्यंत फाइल सीलबंद राहील.

मंगळवार होता. विलासराव घरी पोचले तेव्हा सुरेखा उज्ज्वलाच्या डोक्याला तेल लावत होती. सुरेखा माळेवाडीची. उज्ज्वला तिच्या गावची नर्सबाई होती तेव्हापासूनची ओळख. उज्ज्वला अंथरुणाला खिळल्यापासून दर मंगळवारी ती दुपारच्या एसटीनं यायची, तेल लावायची, वेणी घालायची, गावच्या चार गोष्टी सांगून परत जायची. कधी काही मागितलं नाही, कधी चुकवलं नाही.

ती गेल्यावर विलासरावांनी आदेश समजावून सांगितला. “कागदावर अंगठा उठवायचा, आणि तू परत बोलायला लागशील.”

उज्ज्वलानं डोळे खाली केले.

त्यांना वाटलं, तिला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. डोळे पुन्हा खाली. केतकीनं तक्ता आणला. अर्धा तास लागला. अक्षरं जुळली ती अशी : ‘माझं एकटीचं नाही त्यात.’

“मग कुणाचं आहे?” विलासरावांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा चढलाच. उज्ज्वलानं डोळे मिटून घेतले.

तो विषय तिथेच थांबला, पण विलासरावांच्या मनातून गेला नाही. पस्तीस वर्षं एका ताटात जेवलेल्या बाईच्या मनात असं काय होतं, की ते झाकण्यासाठी ती मुकी राहायला तयार होती? ते तिला भरवणाऱ्या नळीत पेज ओतत, तिला कुशीवर वळवत, आणि तिच्या कपाळाकडे बघत राहत.

दिवाळीनंतर डोळे थकायला लागले. आधी खालचा इशारा गेला. मग वर बघायला दहा-दहा सेकंद लागू लागली. डिसेंबरच्या शेवटी एका सकाळी केतकी ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत तीनदा तक्ता फिरवत राहिली. बुबुळं छताकडे लागली होती ती हललीच नाहीत. डॉक्टर म्हणाले, तिला सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय. फक्त आता बाहेर यायला वाट नाही.

जानेवारीत शबानाबाईंचा फोन आला. “काका, आता कायद्यानं तुम्ही त्यांचे पालक. संमती तुम्ही देऊ शकता. द्याच असं मी म्हणत नाही.”

केतकी तडकली. “आई नाही म्हणाली होती, बाबा. तुमच्यासमोर म्हणाली होती.”

“तेव्हा तिला डोळे होते. आता आत कोंडली गेली आहे ती. पाठीला खाज आली तरी सांगता येत नाही तिला. तू जातेस दवाखान्यात, मी बसतो इथे दिवसभर.”

“तिला एकदा विचारून—”

“कसं विचारू? सांग ना, कसं विचारू?”

विलासरावांनी सही केली. उज्ज्वलासाठी केली हे खरंच होतं. पण सही करताना त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांना ठाऊक होती. तिच्या मनात काय आहे ते त्यांना जाणून घ्यायचं होतं.

प्रती निघायला दोन महिने लागले. त्या रुग्णांच्या हातात पडण्याआधीच एप्रिलमध्ये प्रयोगशाळेच्या तज्ज्ञाची उलटतपासणी आली. बापलेक दोघं हजर होते. त्या काळात कोर्टाचं कामकाज थेट दाखवलं जाई. जो तो घरबसल्या फोनवर बघे. आरोपींच्या वकिलांना असं सिद्ध करायचं होतं की या नोंदी चोरून घेतलेल्या नाहीत, रुग्ण दार उघडं ठेवूनच हे बोलले होते.

“फाइल क्रमांक एकोणसाठ,” वकील म्हणाले. “रुग्णाच्या पालकांची संमती आहे. साक्षीदारांनी दोन उतारे वाचावेत आणि सांगावं, ही भाषा मनातली आहे की बोललेली.”

तज्ज्ञ तरुण मुलगी होती. तिनं सपाट आवाजात वाचलं : “हे बाहेर गेले की बरं वाटतं. तेवढा वेळ घर माझं असतं. हे आले की मी परत पेशंट होते.”

विलासरावांच्या कानशिलांत रक्त चढलं. आजूबाजूचे आपल्याकडेच बघताहेत असं त्यांना वाटलं. त्यांनी मान खाली घातली. त्या भरात दुसरा उतारा त्यांनी धड ऐकलाच नाही. केतकीची बोटं दंडात रुतली तेव्हा ते भानावर आले.

तज्ज्ञ वाचत होती : “...माळेवाडीच्या सुरेखानं आज तेल लावलं. पोरीला स्थळं येताहेत म्हणाली. पोर तिला मावशीच समजते अजून. लग्नाआधीचं बाळंतपण मी केलं, रात्रीत बहिणीच्या ओटीत घातली. कुणाला कळलं नाही. माझ्याबरोबर जाईल हे.”

शबाना मुजावर ताडकन उठल्या. न्यायाधीशांनीही हात वर केला. त्यांनी ते नाव नोंदीतून वगळायचा आदेश दिला, प्रक्षेपण थांबवलं, वकिलांना खडसावलं. पुढच्या सगळ्या साक्षी बंद दाराआड होतील असंही सांगितलं. जे करता येणं शक्य होतं ते सगळं त्यांनी दहा मिनिटांत केलं. पण तेवढ्यात तो तुकडा कितीतरी फोनवर जाऊन पडला होता.

पुढच्या मंगळवारी सुरेखा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. केतकीनं फोन केला, तो लागला नाही. उज्ज्वलाच्या डोक्याला केतकीच तेल लावू लागली. “सुरेखामावशीला बरं नाही,” एवढंच तिनं आईला सांगितलं.

जूनमध्ये प्रत मिळाली. पूर्वी निनादिकात असलेला केदार नावाचा इंजिनिअर आता एका रुग्णालयात काम करत होता. तो स्वतःहून आला. त्यानं दुभाष्या घरच्याच संगणकावर चढवला आणि आधीच बजावून ठेवलं.

“काका, पंधरा महिने झालेत. काकूंचा मेंदू पुढे गेलाय, दुभाष्या मागेच राहिलाय. फार आशा धरू नका.”

पहिले नऊ दिवस पिवळा ठिपका नुसता लुकलुकत राहिला आणि पेटीतून तुकडे आले. ‘भा भा तळ’, ‘उद्या पाणी पाणी’, ‘शी’. केदार रोज संध्याकाळी येऊन दुभाष्याला सरावाची वाक्यं देई, उज्ज्वलाला ती मनात म्हणायला सांगे. दहाव्या दिवशी चारच्या सुमाराला विलासराव पेपर वाचत होते. केतकी घरीच होती. पडद्यावर पिवळा ठिपका स्थिर लागला.

“सुरेखा,” पेटी म्हणाली. तोच आवाज, तोच हेल. मग मोठी खरखर. “का येत नाही.”

केतकी धावत आली. खोटं बोलणं सोपं होतं. ‘बरं नाही तिला’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पंधरा महिन्यांनी बायको बोलली होती, आणि पहिल्याच प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला त्यांची जीभ वळेना.

“उज्ज्वला,” ते म्हणाले, “सही मी केली. तू नको म्हणाली होतीस तरी केली. कोर्टात वाचलं त्यांनी. सुरेखाचं वाचलं. नावासकट. गावभर झालं.”

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळानं पडद्यावरचा पिवळा ठिपका विझला.

त्यानंतर तो लागला नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. केदारनं सगळी यंत्रणा उलटीपालटी करून तपासली.

“सुयांकडून सिग्नल येतोय. जोरही तेवढाच आहे,” तो म्हणाला. “दार उघडत नाही एवढंच. एक तर काकूंचा तो शब्द दुभाष्याला आता ओळखता येत नाहीये. नाही तर...” तो अडखळला. “नाही तर काकू तो म्हणत नाहीयेत. यातलं कुठलं खरं, ते मला यंत्रावरून सांगता येणार नाही.”

“आणि कधीच कळणार नाही?”

“एक मार्ग आहे. दारच काढून टाकायचं. मग मनात येईल ते सगळं बाहेर पडेल. तुटक असेल, पण कळेल तरी काकू आत काय म्हणताहेत. दोन मिनिटांचं काम आहे. करू?”

केतकीनं वडिलांकडे पाहिलं. विलासराव उठून पलंगापाशी गेले. उज्ज्वलाच्या ओठाच्या कडेला ओघळ आला होता, तो त्यांनी रुमालानं पुसला. त्यांना तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

“नको,” ते म्हणाले. “राहू दे दार.”

ऑगस्टमध्ये ते एकटेच माळेवाडीला गेले. सुरेखा अंगणात शेंगा फोडत बसली होती. त्यांना बघून ती उठली, घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग परत शेंगांपाशी जाऊन बसली.

“बाई कशा हाईत?”

“आहे तशीच आहे.”

“पोरीचं लगीन झालं गेल्या महिन्यात,” सुरेखा म्हणाली. “स्थळ मोडलं न्हाई, तेवढं बरं. मला बोलावलं नव्हतं.”

सुरेखाच्या हातातल्या शेंगा फुटत होत्या, दाणे सुपात पडत होते.

“एक इचारू, दादा? बाईंनी हे कुणाला बोलून दाखवलं हुतं का?”

“नाही. मनातच होतं तिच्या. यंत्रानं टिपलं.”

“मग कोर्टात कसं गेलं?”

“मी सही करून दिली.”

“बाईंना इचारलं न्हाई?”

“विचारलं होतं. ती नाही म्हणाली होती.”

सुरेखाचे हात थांबले.

“म्हंजे बाईंनी शेवटपर्यंत सांभाळलं,” ती अगदी हळू म्हणाली. “मला वाटलं हुतं, आजारात कुठं बोलून गेल्या.”

तिनं पदरानं डोळे पुसले, सूप उचललं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. ती परत बाहेर येईल म्हणून विलासराव घोंगड्यावर बसून राहिले. समोरच्या घरातली माणसं दारात येऊन बघून गेली. सुरेखा आली नाही. शेवटच्या एसटीची वेळ झाली तेव्हा ते उठले, आणि बंद दाराला नमस्कार करून निघाले.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि उज्ज्वलाचा हात हातात घेतला. अंगण, शेंगा, पोरीचं लग्न, कुणी बोलावलं, कुणी नाही, सगळं त्यांनी तिला सांगितलं. सुरेखा शेवटी काय म्हणाली तेही, शब्दाला शब्द. सांगताना ते तिच्या तोंडाकडे बघत होते. पेटीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.